तार बंद पडली तेव्हा

१९०३ ते १९५२ या पन्नास वर्षांत अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये सोळाच संघ होते आणि त्यांची शहरंही बदलली नाहीत. त्यातलं सगळ्यात पश्चिमेचं सेंट लुईस. नकाशा उघडून बघा, तिथून पुढे अर्ध्याहून जास्त देश उरतो. कंपनीच्या कामासाठी मी सध्या आयोवातल्या डी मॉइनमध्ये राहतो, तेही त्या उरलेल्या भागात. इथे मक्याच्या शेतात राबणाऱ्या कित्येकांनी जन्मात एकही मोठा सामना पाहिला नसणार. तरी ते बेसबॉलवेडे होते.

आधी पेपर होता. खेड्यातल्या घरापर्यंत टपाल पोचवायची योजना १८९६ साली प्रयोग म्हणून सुरू झाली, १९०२मध्ये कायम झाली. त्याआधी शेतकऱ्याला टपालासाठी गावात खेप घालावी लागे. आता शहरातलं दैनिक दाराशी येऊ लागलं, शिळं का होईना. त्यात बॉक्स स्कोअर असे, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे धावा, हिट्स, चुका यांचे आकडे. हेन्री चॅडविक या पत्रकारानं एकोणिसाव्या शतकात रुजवलेली ही चौकट प्रोग्रामर म्हणून मला फार आवडते. अख्खा सामना बोटभर जागेत दाबून भरायचा आणि वाचणाऱ्यानं तो डोक्यात पुन्हा उलगडायचा. (प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच सामना होत असणार, ते सोडा.)

वर्ल्ड सिरीजच्या दिवसांत पेपरांच्या कचेऱ्यांबाहेर मोठे फलक लागत. तारेनं आलेली प्रत्येक चाल त्यावर दाखवायचे आणि गर्दी फलकाकडे बघून ओरडायची. आपण स्कोअरचं पान रिफ्रेश करत बसतो, त्याचा हा खापरपणजोबा.

५ ऑगस्ट १९२१ला पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरोल्ड आर्लिननं सामन्याचं पहिलं थेट वर्णन केलं. पण १९३५च्या सुमारासही दहातल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चाले. कुणी गाडीची बॅटरी काढून त्याला जोडे.

खरी गंमत पुढे आहे. बाहेरगावच्या सामन्याला निवेदक पाठवणं परवडायचं नाही, म्हणून तो स्टुडिओतच बसे. तारेवरून त्रोटक अक्षरं यायची, बाकी ऊन, धूळ, पिचरनं पुसलेला घाम, सगळं त्याच्या पदरचं. इथल्याच डब्ल्यूएचओ केंद्रावर हे काम रोनाल्ड रेगन करायचा. हो, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. त्यानं स्वतः रंगवून सांगितलेला किस्सा असा: शिकागो कब्जचा सामना, नववा डाव, बिली जर्जेस बॅटिंगला आणि तार बंद पडली. रेगननं जर्जेसला फाउलवर फाउल मारायला लावले, सहा मिनिटांहून जास्त. तार सुरू झाल्यावर कळलं, जर्जेस पहिल्याच चेंडूवर झेल देऊन बाद झाला होता.

ऑफिसात हा किस्सा ऐकून सगळे हसतात. मला नीट हसू येत नाही. मागच्या पावसाळ्यात बाबांची बायपास झाली. मी इथे, दादा तिथे. तो दर वीस मिनिटांनी मेसेज टाकत होता, 'सगळं नॉर्मल', 'डॉक्टर खूश आहेत'. नंतर वहिनीकडून कळलं, त्या चार तासांत आतून कुणी बाहेर आलंच नव्हतं. दादा दाराशी बसून नुसते फाउल मारत होता. आणि मी त्या मेसेजेसच्या भरवशावर जेवलो, झोपलोसुद्धा. त्याच्यावर चिडावं की त्याचे उपकार मानावेत, मला अजून ठरवता आलेलं नाही.

रेड बार्बर नावाचा दुसरा एक निवेदक तारयंत्राची टकटक मुद्दाम श्रोत्यांना ऐकू जाऊ देई. हा माणूस मैदानात नाही, तारेवर अवलंबून आहे, हे त्यांना कळावं म्हणून. टकटक थांबली की समजायचं, बातमी थांबलीय.

पुढच्या महिन्यात बाबांची पुन्हा तपासणी आहे. दादाला फोनवर बार्बरबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "मग काय, मी तुला नुसतं 'टायपिंग' दाखवत बसू?"

"दाखव," म्हटलं.