हात लावण्यास मुभा

सरकारी पाट्यांचा कोणी कोश केला, तर त्यात सर्वांत अधिक जागा ‘हात लावू नये’ या तीन शब्दांना द्यावी लागेल. वस्तुसंग्रहालयात ही पाटी असते, उद्यानातील फुलझाडांपाशी असते, कचेरीतील विजेच्या पेटीवर तर ती कवटीच्या चित्रासह असते. आपल्यासारख्या बदलीच्या नोकरदारांच्या घरांत ती लिहिलेली नसते, इतकेच. घर सरकारचे, भिंती सरकारच्या. भिंतीत एक खिळा ठोकायचा तर आधी चार वेळा विचार करावा लागतो. आमची मुले अंक ओळखायला शिकली ती सरकारी कपाटाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने घातलेल्या क्रमांकांवरून. तीन-चार वर्षांनी यादीबरहुकूम सारे परत करायचे असते, म्हणून ‘जपून, आपलं नाही ते’ हे वाक्य आमच्या घरी दिवसातून दहादा तरी ऐकू येते.

माझ्या आईच्या लहानपणी पाटी निराळी होती, अर्थ तोच. तिची आजी सोवळ्यात असली की उंबरठ्याबाहेरूनच बोलायचे. लोणच्याच्या बरणीला ओल्या हाताने आणि पोथीला पारोशाने शिवायचे नाही. वडिलांच्या घड्याळाकडे तर नुसते पाहायचे. सोवळे गेले, बरण्यांची जागा बाटल्यांनी घेतली. परंतु मुलांनी हात पुढे केला की मोठ्यांच्या तोंडून जो पहिला उद्गार निघतो, त्यात दोन पिढ्यांत फारसा पालट झालेला नाही.

अशा घरातील तीन पिढ्या गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान केंद्रात गेल्या. आई, सौ., अकरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि मी. आई साताऱ्याहून आली होती, व तिच्या येण्याला कारण होते. एप्रिलात माझी बदली गुवाहाटीस होणार, हे जवळजवळ ठरले होते. मुलीची ही तिसरी शाळा. भुवनेश्वरास असताना ती शेजारच्या मुलांशी ओडिया इतके झरझर बोले, की बाजारात सौ. तिलाच पुढे करी. दिल्लीस आल्यावर ती हिंदी शिकली, उत्तम शिकली, पण शिकता शिकता तिचे बोलणेच कमी झाले. शाळेतून शेरा आला : मुलगी हुशार आहे, मात्र प्रश्न विचारीत नाही. चौथी शाळा व चौथी भाषा तिच्या माथी मारण्यापेक्षा तिला आजीजवळ साताऱ्यास ठेवावे, मुलगा थोरला आहे, तो निभावून नेईल, असा विचार आम्ही केला होता. आपल्यापैकी अनेकांनी तो कधी ना कधी केला असेल. तिकडच्या शाळेचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात कोराच पडला होता. मुलीला यातले काही सांगितलेले नव्हते. अर्थात सरकारी घराच्या भिंती किती जाड असतात, हे आपण जाणताच.

हे केंद्र प्रगती मैदानाच्या कडेला, पुराण्या किल्ल्यापासून जवळच, भैरों मार्गावर आहे. ९ जानेवारी १९९२ रोजी तत्कालीन पंतप्रधान नरसिंह राव यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ तेलुगूत नेणारा पंतप्रधान म्हणून त्यांच्याविषयी आपल्याला अंमळ अधिक आपुलकी. पण माझे लक्ष वेधले ते इमारतीने. ही इमारत अच्युत कानविंदे यांची. १९१६ साली कोकणातल्या आचऱ्यास जन्मलेला हा मनुष्य मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकला, हार्वर्डला ग्रोपियसच्या हाताखाली शिकून आला, आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा वास्तुशिल्पी म्हणून दिल्लीस नोकरीला लागला. म्हणजे आपल्यातलाच एक, घरापासून दूर नोकरीला आलेला. पुढे नोकरी सोडून त्याने स्वतःचा व्यवसाय मांडला, कानपूरची आय. आय. टी. बांधली, पण बिऱ्हाड दिल्लीतच राहिले. शेजारच्या मैदानावरील राज रेवल यांचा प्रसिद्ध ‘हॉल ऑफ नेशन्स’ २०१७ साली एका रात्रीत जमीनदोस्त झाला. आचरेकराची इमारत उभी आहे. आत शिरल्यावर आधी सरकत्या जिन्याने वर जायचे आणि मग दालनादालनांतून हळूहळू खाली उतरत यायचे, अशी तिची योजना. ‘चढण आधी, मग सगळा उतार,’ आई म्हणाली, ‘ज्याने हे बांधलं त्याच्या घरी म्हातारं माणूस असणार.’

वारशाच्या दालनातून आम्ही लौकर निघालो. तिथे काचा होत्या, आणि काच दिसली की आमची मुले आपोआप हात पाठीमागे बांधतात. मग गंमतीच्या विज्ञानाचे दालन लागले, आणि तिथे कानावर जो गलका आला त्यावरूनच ओळखावे, की येथे पाटी उलटी आहे. येथे दांडा दिसला तर फिरवायचा, दोर दिसला तर ओढायचा, कळ दिसली तर दाबायची. मुलगी दारातच थबकली. तिने माझ्याकडे पाहिले; मी मान हलवली; तरीही तिने आधी एका बोटाने एक चाक किंचित ढकलून पाहिले आणि कोणी रागावते का, याची वाट पाहिली.

ही मुभा आपल्याकडे सहज आलेली नाही. म्यूनिकला ऑस्कर फॉन मिलर या अभियंत्याने १९०३ साली ज्या संग्रहालयाचा पाया घातला, तिथे प्रेक्षकाने यंत्र स्वतः चालवून पाहावे ही कल्पना होती. ते पाहून प्रभावित झालेल्या डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या उत्साहातून आणि बिर्लांनी दिलेल्या वाड्यातून कलकत्त्याचे संग्रहालय १९५९ साली उघडले. मला स्वतःला मात्र या साऱ्या इतिहासात एक अमेरिकन गृहस्थ अधिक जवळचे वाटतात. फ्रँक ओपेनहायमर हे अणुबाँबवाल्या रॉबर्टचे धाकटे भाऊ. तेही पदार्थवैज्ञानिक, पण पूर्वीच्या राजकीय मतांपायी १९४९ साली त्यांना विद्यापीठातली जागा सोडावी लागली. दहा वर्षे त्यांनी कोलोरॅडोच्या डोंगरात गुरे पाळली, तिथल्या गावच्या शाळेत पोरांना शिकवले. पुस्तकी प्रयोगांनी ती पोरे हलत नाहीत, हे पाहून भंगारातून सुटे भाग आणून त्यांच्या हाती दिले. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोस त्यांनी जे ‘एक्स्प्लोरेटोरियम’ उघडले, ते या गावशाळेचेच मोठे रूप होते. आज आपल्याकडे जी विज्ञान केंद्रे आहेत, मुंबईचे १९८५ सालचे नेहरू केंद्र धरून, त्या साऱ्यांत त्या हद्दपार मास्तरांचा थोडा अंश आहे असे मी समजतो.

मुलगा एका तिरक्या दांडीपाशी अडून बसला होता. सरळ, लोखंडी दांडी. ती उभ्या आसाभोवती फिरते. आणि समोरच्या फळीत एक खाच, तीही वाकडी, धनुष्यासारखी. ‘जाणार नाही, बाबा. पैज!’ त्याने दांडी फिरवली आणि ती वाकड्या खाचेतून, कडांना न शिवता, निमूट निघून गेली. त्याने ती सात वेळा फिरवली. तिरकी रेघ आसाभोवती फिरली की तिच्या फिरण्याने हवेत डमरूसारखा आकार कोरला जातो, आणि डमरू उभा चिरला तर त्याची कड वक्रच दिसते, हे मी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि आठव्यांदा दांडी फिरवली. माझ्या शब्दांवर विश्वास बसला नव्हता. दांडीवर बसला होता.

आईला कप्प्यांच्या खुर्चीत बसायचे होते. तिथे उभ्या असलेल्या तरुण मार्गदर्शिकेने तिच्या वयाकडे पाहून किंचित आढेवेढे घेतले, पण आई तोवर बसलीही होती. दोर हातात घेऊन तिने स्वतःला वीतभर उचलले, मग हातभर. ‘आमच्या आडावर एकच कप्पी होती,’ ती म्हणाली, ‘तिने नुसती ओढण्याची दिशा बदलायची, भार तेवढाच.’ चार दोरांवर भार वाटला की जोर चौथाई लागतो, मात्र दोर चौपट ओढावा लागतो, असे त्या मुलीने समजावले. आईने क्षणभर विचार केला. ‘म्हणजे कर्ज तेवढंच, हप्ते बांधून दिले.’ यांत्रिक लाभाची इतकी सुटसुटीत व्याख्या मी अभियांत्रिकीच्या पुस्तकात वाचलेली नाही.

दालनाच्या दोन टोकांना, एकमेकींकडे तोंड करून, माणसाएवढ्या दोन खोलगट तबकड्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या पुढे एक लहानसे लोखंडी कडे. एका कड्यापाशी तोंड नेऊन कुजबुजावे, तर ते दुसऱ्या कड्यापाशी कान नेलेल्याला स्वच्छ ऐकू येते. मधे उभ्या असलेल्याला काही नाही. कड्यापाशी निघालेला आवाज एरवी चहूकडे पसरून विरून गेला असता. तबकडीच्या विशिष्ट वक्रतेमुळे तो तिच्यावरून समांतर होऊन सुटतो, पलीकडच्या तबकडीवर आदळतो, आणि तिथून पुन्हा एका बिंदूत गोळा होतो. काही आवाज वाढवावा लागत नाही, तो नुसता वाया जाऊ द्यायचा नसतो.

आता आईला ऐकू कमी येते. कानातले यंत्र शिट्टी वाजवते म्हणून ती ते डबीत ठेवते, आणि आम्ही सारे तिच्याशी ओरडून बोलतो. ‘जेवलीस का’, ‘गोळी घेतलीस का’ हे ओरडून विचारता येते. मनातले ओरडून सांगता येत नाही. निदान आठ वर्षांच्या मुलीला, ज्या घरात प्रत्येक शब्द चार खोल्यांत ऐकू जातो तिथे, नाहीच.

मुलाने आजीला एका तबकडीपाशी उभे केले आणि पलीकडून काहीतरी वात्रट बोलला असावा; आई एकदम दचकली, हसली, आणि तिने आपला कान हाताने चाचपून पाहिला. मग मुलगी त्या कड्यापाशी गेली. ती टाचा उंचावून उभी राहिली, दोन्ही हातांनी तिने ते कडे धरले. आम्ही दोघे मधोमध उभे होतो, आणि तेथून तिचे ओठ हलताना दिसत होते, एवढेच. आधी दोन शब्द. आजीने तिकडून काही विचारले. मग बराच वेळ मुलगीच बोलत होती. मागे शाळेच्या मुलांची रांग वाढू लागली; त्यांच्यातल्या एकाने घड्याळ दाखवले; पण आईने आमच्याकडे न पाहता नुसता तळहात वर करून सर्वांना थांबवले, पूर्वी पोथी ऐकताना थांबवायची तसे. सौ. म्हणाली, ‘काय सांगतेय एवढं?’ मी काहीच बोललो नाही.

त्यानंतर मुलगी आरशांकडे गेली, हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू पाहून मार्गदर्शिकेला तिने विचारले की तो बाजूला का पडत नाही, उत्तर ऐकून दुसरे विचारले. हिंदीत. मी ते लांबून ऐकले आणि जवळ गेलो नाही.

उपाहारगृहात चहा झाला, परतीच्या मेट्रोत दोघेही पोरे पेंगली. रात्री सारे निजल्यावर मी आईच्या खोलीत गेलो आणि, अर्थातच मोठ्याने, विचारायला लागलो. तिने ओठांवर बोट ठेवले.

‘ते तिने माझ्या कानात सांगितलंय, तुझ्या नाही. वचन दिलंय मी.’ थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘साताऱ्याचा अर्ज मात्र राहू दे. मला यायचं तेव्हा मीच येत जाईन तुमच्याकडे. म्हातारीला बदलीचं काय.’

दुसऱ्या दिवसापासून सौ.ने गुवाहाटीच्या शाळांची चौकशी सुरू केली. बातमी सांगितल्यावर मुलाने तिथे क्रिकेटचे मैदान केवढे आहे हे विचारले. मुलीने विचारले, की तिथे कोणती भाषा बोलतात, आणि तिथेही असे केंद्र आहे का. असमिया, मी म्हणालो. आणि केंद्र आहे, खानापारा भागात. त्यावर ती उठली आणि आजीच्या खोलीत जाऊन, साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात, हे तिला सांगू लागली.