नाव मात्र 'सामान्य'

शास्त्रज्ञ मंडळी नावं ठेवण्यात मोठी कंजूष. जमीन ताणली गेली, तिला तिरपी चीर पडली आणि चिरेच्या वरच्या अंगाचा खडक खाली घसरला, की त्याला ती 'सामान्य प्रस्तरभंग' म्हणणार. सामान्य! जणू रेल्वेचा जनरल डबा. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत याच ताणाताणीने तळ समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली नेऊन ठेवलाय, आणि शेजारचं टेलिस्कोप शिखर ३,३६६ मीटर उंच!

आमचे चिरंजीव सॉल्ट लेक सिटीत असतात. त्यांनी आम्हाला रेनोहून मोटारीने नेलं. सगळं नेव्हाडा आडवं. डोंगर, खोरं, डोंगर, खोरं. हिने नऊ डोंगर मोजले आणि झोपली. डटन नावाच्या जुन्या भूशास्त्रज्ञाला नकाशावरचे हे डोंगर सुरवंटांच्या फौजेसारखे दिसले होते. सुरवंट निदान वळवळतात तरी.

प्रकार मात्र माझ्या ओळखीचा निघाला. माझ्या पुस्तकांच्या कपाटात तो रोज घडतो. गच्च भरलेल्या ओळीतून कुणीतरी दोन पुस्तकं 'वाचून देतो' म्हणून नेतं (ती जातात ती जातातच), ओळ सैल पडते आणि उरलेली पुस्तकं एकमेकांवर कलंडतात. प्रत्येकाचा एक कोपरा वर, एक खाली, मधे त्रिकोणी खोबण. वर आलेला कोपरा म्हणजे डोंगर, एका अंगाने ताठ कडा आणि दुसऱ्या अंगाने ऐसपैस उतार. खोबण म्हणजे खोरं. आणि खोबणीत धूळ साचते, तशी खोऱ्यात डोंगराची दगडमाती. इथली नद्यांची पाणीही समुद्राकडे फिरकत नाहीत. खोऱ्यातच आटतात आणि मीठ मागे ठेवतात. गेल्या पावणेदोन कोटी वर्षांत हा मुलूख काही ठिकाणी दुप्पट रुंद झालाय, आणि अजून वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर ताणला जातोय.

पूर्वेकडची शेवटची चीर सॉल्ट लेक सिटीत, वासाच डोंगराच्या पायथ्याशी. चिरंजीवांचं घर तिच्यापासून चार गल्ल्यांवर.

"अरे, दुसरी जागा नव्हती?"

"बाबा, इथे पाणी आहे."

खरंच होतं. चिरेनेच डोंगर उचलला, डोंगर बर्फ अडवतो, बर्फाचं पाणी खाली येतं आणि पाण्यापाशी माणसं. १८४७ साली आलेल्या मॉर्मन लोकांनी हेच केलं. तेव्हापासून या चिरेने मोठा धक्का दिलेला नाही. पण २०१६ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की २०१४पासूनच्या पन्नास वर्षांत या परिसरात ६.७५ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ४३ टक्के. १८ मार्च २०२० रोजी ५.७ चा झाला. मॉर्मन मंदिराच्या शिखरावरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या देवदूताच्या हातातली तुतारी खाली पडली.

"आपलं घर लाकडी सांगाड्याचं आहे, पायाला बोल्टांनी जखडलंय. भीती जुन्या विटांच्या घरांना," चिरंजीव म्हणाले. मी मान डोलावली. ४३ टक्क्यांना आमच्या वेळी पास म्हणत.

ही काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सूनबाई ऑफिसला गेल्यावर हिने वरच्या फळीवरच्या काचेच्या बरण्या खाली उतरवल्या, लोणच्याची सगळ्यात आधी, आणि नातवाचा पलंग पुस्तकांच्या कपाटापासून समोरच्या भिंतीला सरकवला. मग मला म्हणाली,

"कपाट भिंतीला ठोकायला खिळे मिळतात का, बघून या. लांब घ्या."