लक्ष्मीबाई नगरातून दिसणारा आमदार

आमदाराचं नेमकं काम काय, हे मला महाराष्ट्रापेक्षा दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात राहून जास्त कळलं. झाशीच्या राणीचं नाव असलेली ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. इथे छत गळलं तर तक्रार केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या, इन्क्वायरीत (तक्रार कार्यालयात) लिहायची. क्वार्टरचं वाटप संपदा संचालनालयाकडे, वीज-पाणी नवी दिल्ली नगरपालिका परिषदेकडे (एनडीएमसी) आणि पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. घटनेच्या कलम २३९ एए प्रमाणे पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय दिल्ली विधानसभेच्या कक्षेत येतच नाहीत. आमचा मतदारसंघ नवी दिल्ली. इथून निवडून आलेल्या शीला दीक्षित आणि अरविंद केजरीवाल मुख्यमंत्री झाले, पण त्या पदावर बसूनही त्यांना इथल्या हवालदाराची बदली करता येत नव्हती. गावाकडे आमदाराच्या बंगल्यावर ज्या कामांसाठी सकाळपासून रांग लागते, त्यांतली निम्मी इथे त्याच्या हातात नाहीत. मग त्याच्याकडे उरतं काय? सभागृहात उभं राहणं, प्रश्न विचारणं, कायदा करणं. माझ्या मते आमदारकी ती हीच. बाकीचं सगळं आपण तिच्यावर लादलं, आणि पुढे त्याच ओझ्यावरून तिचं मोल करू लागलो.

सभागृहातल्या एका ठरावानं काय घडतं, ते बघा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले वा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, न्यायालयं आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर जाहीर केलं. तळ्याचं पाणी मात्र बंदच राहिलं. ‘ठराव कागदावरच राहतात’ असं म्हणणाऱ्याला हे उदाहरण आयतंच सापडेल. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले, तेव्हा ते कुणाची मेहेरबानी मागत नव्हते. मंजूर झालेला हक्क बजावत होते. तो ठराव नसता तर हाच सत्याग्रह विनवणी ठरवून झिडकारता आला असता. एका सदस्यानं टाकलेल्या पावलामुळे लोकांच्या लढ्याला पायाखाली जमीन मिळाली.

दुसरा पुरावा पगारपत्रकात सापडतो. मुंबईहून बदली होऊन दिल्लीला आलेल्या कर्मचाऱ्याच्या कपातींतून एक ओळ गळते, ती व्यवसाय कराची. दिल्लीत हा कर नाही. महाराष्ट्रात तो १९७५ मध्ये आला, तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. ते मंत्री नव्हते, विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यात विसापूरला सुरू झालेला प्रयोग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये त्याच वाटेनं दिल्लीच्या संसदेनं देशाचा कायदा केला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून दरमहा थोडी रक्कम निघून माणदेशातल्या मजुराच्या हाताला काम मिळावं, ही जोडणी कुठल्याही शिफारसपत्रानं झाली नसती. पत्रानं एका माणसाचं काम होतं आणि तो जन्मभर मिंधा राहतो. कायद्यानं अनोळखी माणसाचंही काम होतं, आणि त्याला कुणापुढे वाकावं लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, हे सुरक्षित नोकरी असलेल्या वसाहतीतलं तत्त्वज्ञान आहे. ज्याचं ऐकायला कुठलंच कार्यालय तयार नाही, त्या गरिबाला आमदाराचंच दार असतं. हा आक्षेप खरा आहे, आणि मी तो हलका मानत नाही. ते दार उघडंच राहायला हवं. पण एकच तक्रार शंभर माणसं घेऊन येत असतील, तर आमदारानं शंभर फोन करायचे की तारांकित प्रश्न लावून मंत्र्याला उत्तर द्यायला भाग पाडायचं? सांगोल्यातून १९६२ ते २०१४ या काळात अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख लोकांना सहज भेटत. तरी दुष्काळी तालुक्याचं पाणी भेटीगाठींनी येत नाही. ते धोरणातून आणि अर्थसंकल्पातूनच यावं लागतं. आमच्या इथेही तेच. एनडीएमसीच्या हद्दीत नगरसेवक निवडलेच जात नाहीत, म्हणून १९९४ च्या कायद्यानं इथल्या आमदाराला परिषदेचा सदस्य केलं आहे. रस्त्यावरचा बंद दिवा कर्मचारी बदलेल. सगळ्या वसाहतींच्या दिव्यांवरचा खर्च मात्र त्या बैठकीत आमदारानंच तपासायचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक कडवा आहे: १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदाराला स्वतःचा आवाज राहिलाच कुठे? ११ मे २०२३ या एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं दोन निकाल दिले. प्रतोद पक्षानं नेमायचा, विधिमंडळ गटानं नव्हे, हे शिवसेनेच्या प्रकरणात सांगितलं. आणि दिल्लीतल्या अधिकाऱ्यांवर निवडून आलेल्या सरकारचा अधिकार आहे, हे दुसऱ्यात. दिल्लीबाबतचा निकाल त्याच वर्षी केंद्रानं आधी अध्यादेशानं आणि मग कायद्यानं फिरवला. आमदाराभोवतीचं कुंपण असं दोन्हीकडून आवळत आलं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही पक्षादेश बांधतो तो मुख्यतः मतदानाला. प्रश्न कोणता विचारायचा, लक्षवेधी कशावर द्यायची, समितीत कुठली फाईल मागवायची, कोणतं अशासकीय विधेयक मांडायचं, एवढी जागा अजून शिल्लक आहे. ती रिकामी राहते, कारण तिचा हिशेब आपण मतदार मागत नाही. इथल्या सरकारी नोकरांना १९६४ च्या वर्तणूक नियमांमुळे राजकीय पक्षात जाता येत नाही. मत मात्र देता येतं. म्हणून मत मागायला दारात आलेल्या उमेदवाराला माझा प्रश्न ठरलेला आहे: पाच वर्षांत सभागृहात काय विचारलंत, आणि काय उत्तर मिळवलंत?