भत्ता होता म्हणून काम नाकारलं

2020 च्या जूनमध्ये माझं काम सुटलं. नागापूर एमआयडीसीत एका कारखान्यात मी प्रेसवर होतो, ठेकेदाराकडून. टाळेबंदी उठल्यावर कारखाना उघडला, पण माणसं निम्मीच घेतली. ठेकेदार म्हणाला, "गरज लागली की फोन करतो." फोन आलाच नाही. बोल्हेगावात भाड्याची खोली होती, मुलगी लहान होती.

ऑगस्टच्या शेवटी बरोबरच्या एकाने सांगितलं की ईएसआयकडून, म्हणजे कामगार राज्य विम्याकडून, काम सुटलेल्यांना पैसे मिळतात. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. 2018 ला सुरू झाली तेव्हा सरासरी रोजच्या 25 टक्के मिळायचे. करोनात ज्यांचं काम गेलं, त्यांच्यासाठी ते 50 टक्के केले. जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यात एकदाच. आधी दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी आणि ठरावीक सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. म्हणजे जो कधी कामालाच गेला नाही, त्याला यातून दमडी मिळत नाही.

माझ्या पगारातून ईएसआय कापत होते, त्यामुळे दिवस भरले. अडलं नावावर. ठेकेदाराने विम्यात आडनाव चुकीचं टाकलेलं, आधारशी जुळेना. ते दुरुस्त करून घेण्यातच बरेच दिवस गेले. मग ऑनलाइन अर्ज भरला, त्याची प्रिंट, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स जोडून शाखा कार्यालयात दिली. अर्जावर ठेकेदाराची सही हवी, ही अट तेव्हाच काढली होती. ती असती तर मी अजून त्याच्या मागे फिरत असतो.

त्याच दिवसांत दोन कामं समोर आली. एक वॉचमनचं. बारा तास, सात हजार, ना पीएफ ना ईएसआय. दुसरं गावाकडचं. आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. ऊसतोडीचा मुकादम घरी येऊन बसला. म्हणाला, "नवरा-बायको दोघं या, आगाऊ उचल आजच देतो." कोयत्यावर जायचं, म्हणजे मुलीला आईकडे ठेवून पाच-सहा महिने पाचटाच्या खोपीत.

मी दोन्हीला नाही म्हणालो. भत्ता येणार होता म्हणूनच म्हणालो, हे खरं आहे. तोपर्यंत मेहुण्याकडून उसने घेतले. चुलते चिडले. "घरबसल्या पैसे मिळाल्यावर कामाला कोण जाईल?" त्यांना तेव्हा उत्तर देता आलं नाही.

दसऱ्याच्या आसपास तीन महिन्यांचे एकदम जमा झाले, अठरा हजारांच्या आत-बाहेर. थकलेलं भाडं दिलं, किराण्याची उधारी फेडली, मेहुण्याला थोडे परत केले. उरलेल्यावर सुप्याच्या एमआयडीसीत गेटोगेट फिरलो. एसटीचं तिकीट, झेरॉक्स, दुपारचा वडापाव, काम शोधायलाही खिशात पैसे लागतात. जानेवारीत तिथे प्रेसवरच लागलो. पगार आधीपेक्षा थोडा जास्त, ईएसआय चालू. जुन्या दराने हातात जेमतेम नऊ हजार पडले असते. ते भाड्यात आणि उधारीतच संपले असते आणि मी वॉचमन झालो असतो.

माझ्या चुलतभावाने मुकादमाची उचल घेतली. हंगाम संपून पट्टा पडला तेव्हा उचल पूर्ण फिटली नव्हती, म्हणून पुढच्या हंगामात परत जावं लागलं. त्याला कुणी आळशी म्हणालं नाही, कारण तो कामावर होता.

गावात रोजगार हमी होती, भत्ता तिच्यातही होता. तेव्हाच्या कायद्याने, काम मागितल्यावर 15 दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा. त्या वर्षी मजुरी होती 238 रुपये, म्हणजे दिवसाला साठाच्या आसपास. राज्याच्या जुन्या रोजगार हमी कायद्यात तर हा भत्ता किमान एक रुपया होता. साठ रुपयांसाठी घरी बसणारा माणूस मी तरी पाहिला नाही. धाकट्या भावाने काम तोंडी मागितलं होतं, मागणीचा नमुना 4 भरून तारखेची पोच घेतली नव्हती. त्यामुळे त्याला तेही मिळाले नाहीत.

चुलत्यांना आता मी सांगतो, भत्ता कमी ठेवला तर माणूस कामाला लागतो हे बरोबर आहे. पण जे पहिलं समोर येईल त्याला लागतो, मग ते उचलीचं का असेना. निम्मा पगार तीन महिने, एवढ्याने कुणी ऐदी होत नाही.

ठेक्यावर असाल तर एवढं करा. पगारपत्रकावर ईएसआयची कपात दिसते का पाहा, विम्यातलं नाव आजच आधारशी ताडून बघा. ठेकेदार बदलला तरी विमा क्रमांक जुनाच ठेवायला सांगा. दोन क्रमांक झाले की भरलेले दिवस विभागले जातात.