तुळजापूरच्या पुढे

सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या एसटीत बसायला जागा मिळाली तर नशीबच समजायचे. शनिवार असला तर बोलायलाच नको. तुळजापूरचा स्टँड आला आणि गाडी अशी रिकामी झाली की पोते उलटे केल्यासारखी. आम्ही चौघे तेवढे बसून राहिलो. कंडक्टरने मागे वळून विचारले, "तुम्हाला नाही का उतरायचं?" आईने खिडकीतूनच उत्तर दिले, "आमाला धाराशिवला जायाचंय. तिथनं तेरला."

"तेरला? कुणी सोयरं हाय का?"

"न्हाई. बघाय चाललोय."

कंडक्टरला हे उत्तर फारसे पटलेले दिसले नाही. तिकिटाचा हिशेब मात्र त्याने हसत केला. आई पंच्याहत्तरीच्या पुढची, म्हणून मोफत. बाईमाणूस आणि लेक, अर्धे-अर्धे. पूर्ण तिकीट घरात एकच. असा प्रवास आमच्या लहानपणी कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता.

आम्ही मूळचे याच जिल्ह्याचे. सरकारी कागदावर त्याचे नाव उस्मानाबाद होते, २०२३ साली ते धाराशिव झाले. आई आधीपासून धाराशिवच म्हणते. १९७२ च्या दुष्काळात घरदार सोलापूरला आले. वडील गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर. घरात आजही चादरी आणि टॉवेलच्या मागाचीच भाकरी आहे. आईने तीसेक वर्षे विड्या वळल्या. गावाकडे जाणे म्हणजे लग्न, मयत किंवा जमिनीच्या उताऱ्यासाठी तलाठ्याकडे. गाव पाहायला म्हणून आम्ही कधी गेलो नव्हतो.

यावेळी निमित्त झाले लेकीचे. ती कॉलेजात इतिहास शिकते. वर्गात कुणी कोल्हापूरचा, कुणी साताऱ्याचा, एकीने तिला सहज म्हटले, "तुमच्या धाराशिवकडे तुळजापूर सोडलं तर आहे काय? दुष्काळ." लेक घरी आली ती फणफणतच. मग ग्रंथालयातून पुस्तके आणून तिने रोज रात्री जेवताना आम्हाला तेर ऐकवायला सुरुवात केली. आईचे माहेर तेरपासून दोन कोसांवर, पण ती काही बोलायची नाही. एके रात्री म्हणाली, "तेरला जायचं आसंल तर जाऊ. पर मला तडवळ्याला न्या. माझा आबा तितं बाबासाहेबांना ऐकाय गेलता." असे दोघींचे दोन गाव ठरले. धाराशिवला नणंदेकडे एक मुक्काम, शनिवारी तेर, रविवारी तडवळे.

तेर म्हटले की महाराष्ट्राला गोरोबाकाका आठवतात. संत गोरा कुंभारांचे हे गाव, वारकरी इथे येतात. पण गोरोबांच्याही हजारबाराशे वर्षे आधी तेरणा नदीच्या काठी मोठी पेठ होती. तिचे नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहितीवही लिहिली, 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. त्यात पैठण आहे, आणि पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे. तिथून माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला नेत, असे तो लिहितो. हे तगर म्हणजे आपले तेर, हे फ्लीट या इंग्रज विद्वानाने १९०१ मध्ये दाखवून दिले. पुढे शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत होते तरी 'तगरपुराचे स्वामी' असे बिरुद मिरवत राहिले. एवढी त्या गावाची पत.

आम्हाला सर्वात आवडली ती मालाची यादी. तगरहून काय जात होते? पुष्कळसे साधे, जाडेभरडे कापड, आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. मलमलीचे कौतुक सगळे करतात. पण त्या परक्या माणसाने जाड्या कापडाचीही नोंद घेतली, हे ऐकून आमच्या घरात ताटावरचे हात थांबले. जाडेभरडे म्हणजे आमचेच की! ताणा लावायचा, बाणा फेकायचा, तुटलेला धागा गाठायचा. उत्खननात तेरला जे हौद सापडले ते कापड रंगवायचे असावेत, असे अभ्यासक सांगतात. कापड कुठवर गेले याचा माग कोण ठेवणार, कापड कुजते. पण हिंदुस्थानच्या मालापायी दर साल पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, देशाबाहेर जातात, अशी तक्रार प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने त्याच शतकात करून ठेवली आहे. त्यातले आमच्या मागवाल्याच्या हातात किती पडले, ते त्याने लिहिलेले नाही. आजही कुणी लिहीत नाही.

तेरला उतरलो तेव्हा ऊन चढले होते. आधी संग्रहालयात गेलो. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच रहिवासी. आजूबाजूच्या टेकाडांवर, पांढरीत, शेतात जे काही सापडे ते त्यांनी आयुष्यभर जमवले आणि त्यातून हे संग्रहालय उभे राहिले. आज ते शासनाचे आहे. मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, दिवे, नाणी, आणि दोन साच्यांत घालून केलेल्या पांढऱ्या चिकणमातीच्या बाहुल्या. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकटही इथेच ठेवली आहे.

लेक आम्हाला हस्तिदंती बाईची गोष्ट सांगत होती. इटलीत इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी फुटला आणि पाँपेई शहर राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तिथे खणताना एका घरात हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती मिळाली. अंगावर दागिने, दोन बाजूंना दोन दासी, सगळी घडण भारतीय. रोम पाहून परतणाऱ्या प्रवाशाला ती भेटत नाही, त्यासाठी खाली नेपल्सच्या संग्रहालयात जावे लागते. तिला आधी लक्ष्मी म्हटले गेले, आता बरेच जण यक्षी म्हणतात. तिच्यासारखीच हस्तिदंती मूर्ती तेरला सापडली, आणि जालना जिल्ह्यात भोकरदनलाही. पाँपेईची मूर्ती नेमकी कुणाच्या हातची यावर वाद आहे. तेरचीच, असे छाती ठोकून आम्ही सांगणार नाही. पण तगरच्या गाड्या ज्या वाटेने जात, त्याच वाटेने तीही गेली असावी.

हे चालू असताना आई आमच्यात नव्हती. ती मण्यांच्या कपाटापुढे उभी होती. लाल, पांढरे, पट्ट्यापट्ट्यांचे, डाळीएवढे आणि बोराएवढे मणी. काचेला नाक लागेल इतकी ती वाकली होती.

"आसलं माझ्याकडं व्हतं," ती म्हणाली.

आम्हाला वाटले म्हातारपणी काहीतरी बोलते आहे. मग तिने सांगितले. लहानपणी पाऊस पडून गेला की तेरच्या टेकाडावरची माती धुपायची आणि मणी वर यायचे. बाजाराला आईबरोबर येताना ती दोन-चार वेचायची. असे तीन पावसाळे. दोऱ्यात ओवून गळ्यात घातले. आबाने पाहिले, तोडून मुठीत घेतले आणि तिच्या हाताला धरून दोन कोस चालवत टेकाडावर आणले. "टाक जितलं तितं. गावच्या पांढरीतलं हाय. पाटील म्हणंल, म्हाराच्या पोरीला धन गावलं." तिने टाकले. ही गोष्ट तिने ऐंशी वर्षांच्या आयुष्यात कधी काढली नव्हती; आमच्या लग्नाला तीस वर्षे झाली, आम्हीही पहिल्यांदा ऐकत होतो.

लेकीने कपाटातली चिठ्ठी वाचून दाखवली. दगडाचा प्रकार, काळ. आई म्हणाली, "कुणी केलं त्ये न्हाई का लिवलं?"

तिथून त्रिविक्रमाच्या देवळाकडे गेलो. आमच्या वाचकांना मुद्दाम सांगावी अशी ही वास्तू आहे. पुढून पाहिले तर सभामंडप, आत विष्णूची त्रिविक्रम मूर्ती, चारचौघांसारखे देऊळ. पण मंडपाच्या मागची मूळ वास्तू विटांची आहे, तिची मागची भिंत अर्धगोल वळते आणि छप्पर हत्तीच्या पाठीसारखे. कार्ले, भाजे पाहून आलेल्यांना हा आकार चटकन ओळखता येईल. विसाव्या शतकाच्या आरंभी कझिन्स यांनी तिची पाहणी केली आणि हे मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत मांडले. सगळ्याच अभ्यासकांना ते मान्य नाही, हेही सांगितले पाहिजे. पण तेरच्याच उत्खननात विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत, तेव्हा या गावात भिक्खूसंघ नांदत होता याला पुरावा कमी नाही. डोंगरात कोरलेली चैत्यगृहे टिकली, विटांची बांधलेली बहुतेक पडली. उभे असलेले असे दुसरे देऊळ पाहायचे तर आंध्रात चेजर्ल्याला जावे लागते. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात असे गावातले लोक सांगतात. आम्ही काही वीट काढून पाहिली नाही!

दारात एक तरुण बसला होता. चांगला पोरगा. "या की आजी, आत या," म्हणाला. लेक आत गेलीसुद्धा. आई पायरीशी थांबली. दोन वेळा पदर सारखा केला. मग म्हणाली, "मी मागनं बघते."

"आता कोण अडवतंय?" आम्ही म्हटले.

"आडवत न्हाई कुणी. पर आमाला मागचीच वाट ठावी हाय."

आम्ही तिच्याबरोबर मागे गेलो. बाजाराच्या दिवशी डोक्यावर सरपण घेऊन तिची माणसे ज्या बाजूने जात, तिथे ती आम्हाला घेऊन गेली. आणि मंडपाने पुढून झाकलेला तो अर्धगोल, ती हत्तीची पाठ, तिथूनच नीट दिसत होती. आई म्हणाली, "आमी पोरं हिला सुपाची पाठ म्हणायचो." कझिन्ससाहेबाला जे मोजमाप घेऊन कळले ते या पोरांनी रोज पाहिले होते, फक्त त्यांना कुणी विचारले नाही. लेक आतून फिरून आली, आज्जीशेजारी उभी राहिली आणि बराच वेळ वहीत आकृती काढत बसली. आई सावलीला टेकली. डब्यातली भाकरी आणि शेंगाची चटणी आम्ही तिथे जवळच खाल्ली.

धाराशिवजवळची लेणी या खेपेला राहिली, आईचे गुडघे डोंगर उतरू देईनात. तिथे आज जैन मूर्ती आहेत. मुळात ती बौद्ध असावीत असेही काही विद्वानांचे म्हणणे. पुन्हा येऊ.

रविवारी कसबे तडवळे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला इथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब आले. ज्या शाळेत त्यांचा मुक्काम होता तिथे आम्ही गेलो, वंदन केले. त्या वेळी कुर्डुवाडीहून लातूरला बार्शी लाइटची छोटी गाडी जात असे, पण आबाकडे तिकिटाला पैसे कुठले? आईच्या सांगण्याप्रमाणे तो रात्रभर चालत आला, दोन दिवस ऐकले, आणि परत चालत गेला. आईचा जन्म त्यानंतर चारपाच वर्षांनी.

शाळेच्या आवारात आई झाडाखाली बसली. लेकीने विचारले, "आज्जी, आबांनी घरी येऊन काय सांगितलं?"

"मेल्या ढोराला हात लावायचा न्हाई म्हनून सांगितलं. त्यानं सोडलं बी. त्यापायी मार खाल्ला." थोडा वेळ ती गप्प राहिली. "इतनं ऐकून गेल्याला मानूस. पर माझं मणी टाकाय लावलं. मला लई राग व्हता त्याचा. भ्याला आसंल. पाच लेकरं व्हती."

लेक काही बोलली नाही. तिने आज्जीचा हात धरला, विड्यांची पाने कातरून कातरून वाकडी झालेली बोटे. परतीच्या गाडीत दोघी एका बाकावर बसल्या. तुळजापूरला गाडी पुन्हा गच्च भरली, कुंकवाने भरलेली कपाळे, नारळाच्या पिशव्या. एक लेकुरवाळी दांड्याला धरून उभी होती. आई सरकली, पोर मांडीवर घेतले आणि त्याला विचारू लागली, "कुटलं गाव तुजं?"