कळमनुरीहून सिंगापुरास

गेल्या वैशाखात आम्ही सहकुटुंब सिंगापुरास जावयास निघालो, तेव्हा कळमनुरीच्या घरात पहिला वाद झाला तो कपड्यांचा. आमच्याकडील उन्हाळा कोरडा. मातुःश्रींचे नऊवारी सुती लुगडे दोरीवर घटकाभरात खडखडीत वाळते. सिंगापूर विषुववृत्तापासून दीड अंशाच्या आत, भोवती समुद्र. त्या दमट हवेत अंगावरचा घामही वाळत नाही, मग जाड सुताची काय कथा! म्हणून आम्ही प्रत्येकी तीनच जोड घेतले, तेही विरळ विणीचे. मातुःश्रींस मात्र ‘सहावारी नेसा’ असे सांगण्याचे धैर्य कोणास होईना. त्यांनी आपण होऊन पेटीतील चार लुगड्यांपैकी दोन काढून ठेविली. तेथे पोहोचल्यावर धुतलेले लुगडे दोन दिवस ओलेच राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सूनबाईंचे सहावारी पातळ स्वतः मागून घेतले.