सुईचं टोक

गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीत पिण्याच्या पाण्याचे पाइप कित्येक ठिकाणी गटाराला लागून जातात. दूषित पाण्यातून पोटात गेलेला अमीबा आतड्यातून यकृतात पोचला, की तिथे गळू होतं. बहुतेकांना मेट्रोनिडाझोलनेच उतार पडतो. पण गळू मोठं असलं, किंवा यकृताच्या डाव्या भागात हृदयाच्या आवरणाखाली फुटायच्या बेतात असलं, तर सुई घालून पू काढावा लागतो. ही सुई, किंवा बायोप्सीसाठी मूत्रपिंडाचा तुकडा काढणारी सुई, सोनोग्राफीवर घातली की ‘सीटी स्कॅन परवडत नाही म्हणून’ असं समजलं जातं. मला ते मुळातच चूक वाटतं. यकृत आणि मूत्रपिंड श्वासाबरोबर २-३ सेंटिमीटर सहज वरखाली होतात. सीटीचं चित्र सुरेख असतं, पण बहुधा ते सुई सरकवण्याआधीचं. सोनोग्राफीत सरकणारा अवयव आणि पुढे जाणारी सुई एकाच वेळी दिसतात, तेही किरणोत्साराशिवाय. १९५१मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रुन यांनी मूत्रपिंडाच्या बायोप्सीचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा जागा एक्स-रेवरून ठरवावी लागे आणि पुष्कळदा तुकडा हातीच लागत नसे.

आक्षेप असा, की सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. असतेच. प्रोबमधून निघणारा ध्वनीचा पडदा जेमतेम काही मिलिमीटर जाड. सुई त्यातून तिरकी निसटली, की स्क्रीनवर जे टोक वाटतं ती मधलीच दांडी असते आणि खरं टोक पुढे कुठेतरी रक्तवाहिनीपाशी. म्हणून टोक दिसेपर्यंत सुई पुढे सारायची नाही, बायोप्सीला मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाची साल गाठायची, मधल्या मोठ्या वाहिन्यांकडे जायचं नाही, आणि रक्त गोठण्याची तपासणी व रक्तदाब पाहिल्याखेरीज हात लावायचा नाही. रुग्णाकडून श्वास रोखून घेणं (गोवंडीत बहुधा ‘साँस रोको’) हेही कसबच. यातलं काहीही जन्मजात नाही, सगळं शिकवता येतं. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: हवेपलीकडचं सोनोग्राफीला दिसत नाही. यकृताच्या अगदी वरच्या भागातलं गळू फुप्फुसाआड लपतं, स्थूल रुग्णात चित्र धूसर होतं. तिथे हट्ट न धरता सीटीकडे जावं. पण खडा अडकून तुंबलेल्या मूत्रपिंडात पू झाला आणि रक्तदाब उतरू लागला, तर नळी टाकायला तास-दोन तासही उशीर परवडत नाही. अशा रुग्णाच्या खाटेपर्यंत सोनोग्राफीचं यंत्र ढकलत नेता येतं.